साडेसात लाखांवर थांबलेला आकडा

ॲरिझोनात फिनिक्सहून टुसॉनकडे जाताना, आंतरराज्य महामार्ग 10 वर पिकाचो नावाचा सुळका लागतो. भोवती कोरडी शेते आणि वाळवंट. वारा सुटला की समोरची गाडी क्षणात दिसेनाशी होते. 29 ऑक्टोबर 2013 रोजी येथे धुळीच्या लोटात 19 वाहने एकमेकांवर आदळली. त्यांत अवजड ट्रकही होते. तीन माणसे गेली.

अशा साखळी अपघातात एका ट्रकचा विमा किती जणांना पुरावा? याचे उत्तर 1980 साली वॉशिंग्टनमध्ये ठरले, आणि तेथेच थांबले.

त्याआधी अमेरिकेतील ट्रकधंदा 1935 च्या कायद्याने बांधलेला होता. नव्या माणसाला परवाना हवा तर आपली लोकांना गरज आहे हे आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढे सिद्ध करावे लागे, आणि जुने मालक हरकत घ्यायला तयारच असत. 1 जुलै 1980 रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मोटर कॅरियर कायद्यावर सही केली आणि हे दार उघडले. मग भीती अशी, की वाटेल तो मोडका ट्रक घेऊन रस्त्यावर येईल. त्यावर तोड म्हणून तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी किमान विम्याची अट आली : साध्या मालाला साडेसात लाख डॉलर, सर्वांत घातक मालाला पन्नास लाख. चालकाची नोंद, ब्रेकची अवस्था विमा कंपनीच तपासेल आणि बेफिकीर मालकाला हप्ता परवडणार नाही, असा हिशेब होता. सरकारी निरीक्षकाचे काम बाजारावर सोपवण्याची ही कल्पना चतुर होती, हे मान्य करावे लागते.

ॲरिझोनाने पुढचे पाऊल टाकले. तेथील मतदारांनी 1980 मध्येच राज्यांतर्गत ट्रकवाहतुकीवरील नियंत्रण उठवण्याच्या बाजूने कौल दिला आणि 1 जुलै 1982 पासून ते उठले. 26,000 पौंडांवरील ट्रकला राज्याच्या कायद्यातही तोच साडेसात लाखांचा आकडा आहे. त्यामुळे युमाची हिवाळी भाजी फिनिक्सला उतरवा की कॅलिफोर्नियाला न्या, किमान विमा तोच.

ही रक्कम माणशी नाही, अपघातामागे आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मेलेले, जखमी, चेपलेल्या गाड्या, सगळ्यांचा वाटा तिच्यातूनच. (आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मृत्यू वा इजेच्या भरपाईला अशी कमाल मर्यादाच नाही, या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा उदार आहोत.) 1980 पासून तेथील किमती पावणेचारपटीच्या घरात गेल्या. म्हणजे तेव्हाचे साडेसात लाख टिकवायचे तर आज अठ्ठावीस लाखांच्या आसपास हवेत. आणि रुग्णालयांची बिले तर याहून वेगाने वाढली.

आकडा वाढवण्याचा अधिकार परिवहन खात्याला पहिल्यापासून आहे. 2014 मध्ये खात्याच्या ट्रक-सुरक्षा विभागाने, गंभीर अपघातांना ही रक्कम अपुरी पडते, असा अहवाल काँग्रेसला दिला आणि नियमबदलाची प्रक्रिया सुरू केली. 2017 मध्ये ती मागे घेतली. 2020 मध्ये प्रतिनिधिगृहाने वीस लाखांची तरतूद मंजूर केली. सेनेटमध्ये ती अडली.

एक-दोन ट्रकवाल्या मालकांच्या संघटनेचा विरोध केवळ स्वार्थी म्हणून झटकून टाकता येत नाही. बहुतेक अपघातांची भरपाई या मर्यादेतच भागते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय अमेरिकन ट्रकधंद्याच्या संशोधन संस्थेच्या हिशेबाने 2023 मध्ये विम्याचा खर्च मैलामागे 9.9 सेंट होता. वर्षाला लाख मैल धावणाऱ्या ट्रकला सुमारे 9,900 डॉलर. ही झाली सरासरी. नुकताच परवाना काढलेल्या एकट्या मालकाला याहून बरेच जास्त मोजावे लागतात. माल मिळवून देणारे दलाल तर कायदा काहीही म्हणो, दहा लाखांचा विमा मागतात. म्हणजे चांगले काम हवे असणारा मालक किमान मर्यादेपलीकडे केव्हाच गेला आहे. त्या मर्यादेत उरतो तो काठावरचा धंदा, ज्याच्या नावावर एका ट्रकपलीकडे काही नसते. आणि त्याच ट्रकखाली सापडलेल्याला विम्यापलीकडे वसूल करायला काही सापडत नाही.