मागापासून सुयांपर्यंत

मागावरच्या कामाला मराठीत विणकाम म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही विणकामच. एरवी दोहोंत साम्य थोडेच. मागावर ताण्यातून बाणा जातो. सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवले जातात.

पैनगंगेकाठचे मेहकर हे मागाचे गाव. मुघल अमदानीत ते वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होते. इथले मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते, की गावाचा तट बांधण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, अशी नोंद ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. तटाचा एक दरवाजा त्यांच्याच नावाने ओळखला गेला. पुढे पेंढाऱ्यांच्या लुटीने आणि 1803च्या दुष्काळाने गावाची रया गेली. खड्डामाग घराच्या जमिनीतच रोवलेला असतो, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. गाव सोडायची वेळ आली की माग उचलून नेता येत नाही.

सुयांना ही अडचण नाही. मराठी मुलखात हे काम रुजले ते एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः मिशनच्या मुलींच्या शाळांतून. अशा शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार 1827 साली मुंबईत आल्या. वऱ्हाडात थंडी दोनअडीच महिन्यांची, त्यामुळे स्वेटरपेक्षा बाळंतविडाच अधिक विणला गेला: टोपडे, झबले, पायमोजे. दहा नंबरच्या सुया, पांढरी किंवा फिकट पिवळी लोकर, एक ओळ सुलट, एक उलट. टाका सुटला की चार ओळी उसवायच्या आणि पुन्हा धरायच्या. 1962च्या चीन युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तेव्हा हेच हात कामी आले.

अमेरिकेने 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि मराठी कुटुंबे तिकडे मोठ्या संख्येने जाऊ लागली. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बायकांपुढे वेगळाच पेच होता. शिक्षण होते, पण नोकरीची परवानगी नव्हती. ती 2015 पासून मिळू लागली, तीही ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेल्यांच्या जोडीदारांनाच. बाहेर बर्फ, घरात दिवसभर एकटेपण. अशा वेळी आईने शिकवलेले टाके कामी येतात. हात एका लयीत चालतात, मोजणी चुकू नये म्हणून मन तिथेच थांबते. जपमाळेचे मणी ओढणाऱ्या हातांना ही लय ओळखीची वाटावी. शिवाय संध्याकाळी मोजता येईल असे काहीतरी हाती उरते, आणि परक्या देशात सुरुवातीचे दिवस काढताना हे कमी नसते.

साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांची एक पाहणी 2013 साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात आली. वारंवार विणणाऱ्यांनी मन शांत आणि प्रसन्न राहत असल्याचे सांगितले. अर्थात सांगणारे सगळे विणकामाचे शौकीनच होते. विणकामाला औषध म्हणणे घाईचे ठरेल.

खड्डामाग गाव सोडतानाही बरोबर नेता येत नाही; विणायच्या सुया मात्र अमेरिकेतल्या विमानतळांवरही हातातल्या सामानात नेऊ देतात.