तळटीप : ‘हा राउंड माझा’
* इंग्लंडच्या पबमध्ये सहसा वेटरची वाट पाहायची नसते. काउंटरवर जाऊन मागायचे आणि पैसे तिथेच द्यायचे. चौघे मित्र असले की एकजण चौघांचे पाइंट आणतो (एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर), पुढच्या खेपेस दुसरा उठतो. हिशेब कोणी लिहीत नाही, पण पाळी चुकवणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. निवेदकाची ‘हा राउंड माझा’ म्हणण्याची घाई त्यापायी आहे. ही रीत किती मुरलेली होती पाहा : पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले काम पिण्यापायी अडू नये म्हणून १९१५पासून सरकारने अनेक भागांत दुसऱ्याला दारू पाजण्यावरच बंदी घातली. सवलत एकच, जेवण देणाऱ्याने त्या जेवणासोबत पाजलेली चाले. मला या रीतीतला विश्वास फार मोलाचा वाटतो. आज दिलेले आजच फिटले पाहिजे असा हट्ट तिच्यात नाही. फिश अँड चिप्स किंवा पायचे पैसे मात्र बहुधा ज्याचे त्याने द्यायचे. न पिणाऱ्या वाचकाने बिचकू नये : लेमनेड घ्यावे, आणि आपली पाळी आली की उठावे. – संपा.