अपघाताविना इतके दिवस

परवा पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन परतताना एमआयडीसीतल्या एका गेटवर फलक दिसला: 'अपघाताविना इतके दिवस'. आकडा चांगला भलामोठा होता. माझ्यातला प्रोग्रामर लगेच जागा झाला. आमचा बग ट्रॅकर रिकामा दिसला तर एकतर कोड उत्तम असतो, नाहीतर बग नोंदवायला कोणी धजावत नाही... यातलं खरं काय, हे आकड्यावरून कसं कळणार?

कामगाराला विचारूनच कळणार. हे काही आजचं शहाणपण नाही. 1884 साली मुंबईत फॅक्टरी कमिशन बसलं, तेव्हा 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार जणांचा अर्ज कमिशनला दिला. आठवड्याची सुट्टी, अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या आपल्याला माहीत असतात. पण त्यात हेही होतं, की कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. हात यंत्रात गेल्यावर पुढे घरी काय होतं, हे कुठलं रजिस्टर सांगणार?

या विचारण्याचं मोजमाप झालं ते 1980 मध्ये. दोव झोहार या संशोधकाने इस्रायलमधल्या 20 कारखान्यांतल्या कामगारांना 40 विधानांची प्रश्नावली दिली. रोख साधा होता: साहेबांना सुरक्षितता खरंच महत्त्वाची वाटते का? याला त्याने 'सेफ्टी क्लायमेट' म्हटलं. गंमत म्हणजे सुरक्षा निरीक्षकांनी या कारखान्यांना दिलेला क्रम कामगारांच्या उत्तरांशी बराचसा जुळला.

भोपाळला तर प्रश्नावलीचीही गरज नव्हती. 1981 च्या डिसेंबरमध्ये फॉस्जीनने एक कामगार गेला, 1982 मध्ये युनियनने धोक्याची पोस्टरं लावली. पोस्टरं भिंतीवरच राहिली आणि 1984 चा डिसेंबर उजाडला. मग 1987 साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांत सुरक्षा समिती आली, कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान.

खुर्च्या समान झाल्या, पण साहेबासमोर बोलणार कोण? म्हणून प्रश्नावली निनावी हवी. आणि ती ठेकेदाराच्या माणसांनाही द्यायला हवी. टाकीत उतरायची वेळ आली की बहुतेकदा तीच उतरतात.