वाचनालय आणि रानपिंगळा

आमच्या खान्देशात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ सालचे. धुळ्याच्या गरुड वाचनालयाने कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. आमच्या घरी फळीवर कुराणशरीफ आणि शाळेची पुस्तके, एवढाच ग्रंथसंग्रह. मराठी कविता मला वाचनालयाने दिली. तिथे कुणी जातधर्म विचारला नाही. विचारले ते एवढेच, की मागचे पुस्तक परत आणले का?

पण तिथे हाताला काम एकच, पाने उलटण्याचे. विज्ञानाचे कपाट होते. त्यातला प्रयोग करून पाहण्याची जागा मात्र नव्हती.

खरे तर ग्रंथ आणि हात यांची अशी फारकत आपल्या मातीतली नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, जुनी दप्तरे सोडून कागद स्वतः हाताळले, तेव्हा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या मागे तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जी रीत कागदाला, ती पानाफुलाला का नसावी?

याचे उत्तर एका पाखरात आहे. रानपिंगळा नावाच्या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. १८८० च्या दशकात डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशातून त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. १९१४ साली तो गुजरातेत मिळाल्याची एक नोंद होती. पण ती निघाली बनावट. संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने नमुने हातात घेऊन तपासले, खऱ्या नोंदींचा माग धरला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात तिच्या चमूला रानपिंगळा जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. पुढे यावलच्या अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

त्या वर्षी जळगावचे वाचनालय १२० वर्षांचे होते. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मंडळींनी तो पक्षी कधी पाहिलाच नसेल, असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे पाहणे ग्रंथात गेले नाही आणि ग्रंथातले ज्ञान आमच्या मुलांपर्यंत आले नाही. मधला पूल बांधायचे काम वाचनालयाचे होते.

१९६७ साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग आले, अनुदान वर्गाला बांधले गेले. त्या हिशेबात पुस्तकांच्या संख्येला मोठे वजन राहिले. साहजिकच कपाटे भरत गेली, बाके मात्र ओस पडली.

मुलांना तिथे पुन्हा आणायला फार पैसा लागत नाही. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबादेत गेले. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या भांडवलावर त्यांनी भूमिती शिकवली. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी वर्षानुवर्षे मुलांसाठी टाकाऊतून खेळणी केली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी मोडत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. लोखंडी पुलात आणि छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांना कळते. मग ते मूल आपणहून पुस्तक मागायला येते.

तेव्हा कार्यकारिणीच्या सभासदांना माझी विनंती आहे. रविवारी सकाळी दोन तास एक खोली मुलांना द्या. टेबलावर काड्या, भिंग, कडुनिंबाची आणि सागाची पाने ठेवा. शेजारी पक्ष्यांचे पुस्तक उघडे ठेवा. अंधार पडता पडता आवारातल्या झाडावर पिंगळा येतो, तो मुलांना दाखवा. डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतील तर तो साधा पिंगळा. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला, की सातपुड्यात गेलेले मूल झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहील. थोडा आवाज होईल. पण ‘शांतता राखा’ ही पाटी दोन तास उलटी करून ठेवता येते.