युद्धाचा पट आणि अदृश्य पंच

इतिहास म्हणजे झालेल्या असंख्य गोष्टींतून ग्रंथकारानें केलेली निवड होय, हें आतां बहुतेकांस मान्य झालें आहे. कोणती गोष्ट घ्यावी, कोणती टाकावी आणि घेतलेल्या गोष्टी कार्यकारणाच्या कोणत्या सूत्रांत ओंवाव्या, यावर इतिहासग्रंथाचें स्वरूप ठरतें. आणि म्हणूनच सुज्ञ वाचक ग्रंथ वाचतांना ग्रंथकारावरहि एक डोळा ठेवून असतो. परंतु जो इतिहास वाचावयाचा नसून खेळावयाचा असतो, त्याचा ग्रंथकार कोठें शोधावा? टॅब्लेट नांवाच्या कांचेच्या पाटीवर बोटानें सोंगट्या सरकवून गतकाळचीं युद्धें पुन्हां लढणारी तरुण मंडळी आज अनेक सुशिक्षित घरांत दिसते. त्या मंडळीस हा प्रश्न क्वचितच सुचतो. तो सुचावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आणि त्यासाठीं अशा खेळांत नियम कोणाच्या हातीं असतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

आपल्याकडील चतुरंगापासून निघालेल्या बुद्धिबळांत हत्ती, घोडे, प्यादीं हीं नांवें सेनेचीं खरीं. पण त्या पटावर नदी नाहीं, डोंगर नाहीं, आणि दैव तर मुळींच नाहीं. १७८० मध्यें ब्रन्सविक येथील हेल्विग यानें हा पट पुष्कळ मोठा करून चौकोनांना भूप्रदेशानुसार रंग दिले. पुढें १८१२ मध्यें राइस्विट्झ नांवाच्या गृहस्थानें ठोकळ्यांनीं हवा तसा भूप्रदेश मांडतां येईल असें एक मेज प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म यास सादर केलें. त्याचा पुत्र तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ मध्यें या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. मेजाच्या जागीं १:८००० प्रमाणाचे नकाशे आले, तांबडे व निळे ठोकळे पलटणींच्या जागीं उभे राहिले, आणि गोळीबाराचा परिणाम ठरविण्यासाठीं कोष्टकें व फांसे आले. दोन पक्षांच्या मध्यें एक पंच बसे. कोणास काय दिसावें व काय दिसूं नये, हें तो ठरवी. प्रशियाच्या सेनापतिमंडळानें हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारला, आणि १८७०-७१ मध्यें फ्रान्सचा पराभव झाल्यावर इतर राष्ट्रांनींहि त्याचें अनुकरण केलें.

परंतु अनुभवी अधिकाऱ्यांस कोष्टकांचा जाच वाटूं लागला. १८७६ मध्यें फेर्दी द्यू वेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें कोष्टकें बाजूस सारून सर्व निर्णय पंचाच्या विवेकावर सोंपवावा, असें प्रतिपादन केलें. येथून दोन पंथ पडले. एका पंथांत नियम ग्रंथांत असतो, तो कोणीहि वाचावा. दुसऱ्यांत तो माणसाच्या बुद्धींत असतो, त्याच्याशीं कोणीहि वाद घालावा. दोहोंतहि नियम कोठें आहे हें खेळाडूस ठाऊक असे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

माणूस पंच झाला म्हणजे न्याय होतोच असें नाहीं. जपानी नौदलांतील वैमानिक फुचिदा यांनीं युद्धानंतर लिहिलेल्या ग्रंथांत एक प्रसंग दिला आहे. १९४२ च्या मे महिन्यांत यामातो या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची तालीम पटावर चालली होती. फांशाच्या कौलाप्रमाणें जपानी विमानवाहू नौकांवर शत्रूचे नऊ बॉम्ब पडून आकागी व कागा या दोन्ही बुडाल्या. पंचपदीं असलेले नौसेनानी उगाकी यांनीं नवाचे तीन केले. तेव्हां एकटी कागा बुडाली आणि आकागीस केवळ इजा झाली. पुढच्या डावांत तर बुडालेली कागाहि पुन्हां तरंगूं लागली. फुचिदा यांच्या इतर कांहीं विधानांवर पुढील संशोधकांनीं आक्षेप घेतले आहेत, हें खरें. परंतु जूनच्या आरंभीं मिडवेच्या समुद्रांत आकागी व कागा यांच्यासह चार विमानवाहू नौका जपाननें गमावल्या, याविषयीं वाद नाहीं. या हकीकतीचें मर्म असें कीं, पंचाचा पक्षपात त्या दालनांतील सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. कोणी बोललें नसेल, पण पाहिलें सर्वांनीं.

हा खेळ सैनिकी दालनांतून गृहस्थाच्या मेजावर आणण्याचें श्रेय अमेरिकेंतील चार्ल्स रॉबर्ट्स यांस देतात. त्यांचा 'टॅक्टिक्स' हा खेळ १९५४ मध्यें निघाला, आणि १९५८ मध्यें त्यांनीं अॅव्हलॉन हिल ही संस्था स्थापिली. आतां पंच उरला नाहीं. नियमपुस्तक पेटींतच आलें, आणि प्रत्येक खेळाडूस स्वतःच पंच व्हावें लागलें. हें काम कंटाळवाणें खरें. रात्रभर पानें उलटावीं, शंका काढाव्या, मित्राशीं हुज्जत घालावी, तेव्हां कुठें एक लढाई संपे. परंतु त्या कंटाळ्याच्या पोटांत एक मोठा लाभ होता. नियम स्वतःच्या हातानें चालवावा लागल्यामुळें तो कोणीतरी केलेला नियम आहे, हें विसरणेंच शक्य नव्हतें.

आतां एक उदाहरण घेऊं. आनंद गुप्ता व जेसन मॅथ्यूज यांनीं रचिलेला 'ट्वायलाइट स्ट्रगल' हा खेळ २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. केनेडी यांच्या १९६१ च्या अध्यक्षपदग्रहणाच्या भाषणांतील शब्दांवरून त्याचें नांव घेतलें आहे. विषय १९४५ ते १९८९ पर्यंतचें शीतयुद्ध. खेळाडू दोनच, एक अमेरिका व दुसरा रशिया. हातांतील प्रत्येक पत्ता म्हणजे मार्शल योजना, सुएझ, क्यूबा अशी एखादी ऐतिहासिक घटना. शत्रूच्या हिताचा पत्ता हातीं आला तरी तो बहुधा आपणांसच खेळावा लागतो, व ती अनिष्ट घटना आपल्याच हातून घडते. राज्यकर्त्यांच्या अगतिकतेचें इतकें बोलकें चित्र आम्हीं पुष्कळ ग्रंथांतहि पाहिलेलें नाहीं. २०१६ पासून हा खेळ यंत्रावर खेळतां येतो. गुण मोजणें, फांसे टाकणें, पट मांडणें हीं सर्व कामें यंत्र करतें. प्रतिपक्षी हजार कोसांवर असला तरी चालतो, आणि कोणी नसला तर यंत्रच समोर बसतें. या सोयीची थट्टा आम्ही करणार नाहीं. ज्या मुलास परदेशी खेळाची महाग पेटी कधींच मिळाली नसती, त्यास ती विद्या सुलभ झाली आहे.

परंतु या खेळांतील एक नियम पाहा. अण्वस्त्रयुद्धाचें भय दाखविणाऱ्या पांच पायऱ्या पटावर आहेत. पांचवी म्हणजे शांतता, पहिली म्हणजे सर्वनाश. आणि ज्याच्या पाळींत सर्वनाश ओढवेल तो हरला. एखाद्या महत्त्वाच्या देशांत सत्तापालट घडवून आणण्याचा यत्न केला कीं एक पायरी खालीं जावें लागतें. चौथ्या पायरीवर युरोपांत असा यत्न निषिद्ध होतो, तिसरीवर आशियांत, दुसरीवर मध्यपूर्वेंत. उरतात कोण? आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिका. जगाचें भय जसजसें वाढतें, तसतसा रक्तपात दुबळ्यांच्या अंगणांत लोटला जातो! ग्वातेमालांत १९५४ मध्यें व चिलींत १९७३ मध्यें झालेले सत्तापालट, १९७५ पासून पेटलेलें अंगोलाचें यादवी युद्ध यांचा जणूं सारांशच त्या एका कोष्टकांत आहे. कागदी पटावर तें कोष्टक वाचावें लागतें, आणि वाचतांना मनुष्य क्षणभर थबकतो. पाटीवर तें वाचण्याचें कारण पडत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, "आशियांत सत्तापालट कां करीत नाहींस?" तो म्हणाला, "सर, तेथें बोट चालतच नाहीं." एका ऐतिहासिक सिद्धांताचा असा कांचेचा गुणधर्म झाला.

दुसरा नियम याहून मार्मिक आहे. प्रत्येक फेरींत खेळाडूनें ठराविक प्रमाणांत लष्करी हालचाल केलीच पाहिजे. न केल्यास उणीव भरेल तितके विजयगुण प्रतिपक्षास मिळतात. म्हणजे जो लढत नाहीं त्यास दंड! शीतयुद्धांतील मुत्सद्दी असेंच मानीत होते, हें खरें. परंतु तें मानणें बरोबर होतें काय, हा निराळा प्रश्न आहे, आणि खेळाच्या कर्त्यांनींहि तो लपविलेला नाहीं. शीतयुद्धाची अंतर्गत विचारसरणी, तिचे उघड उघड खोटे ठरलेले भागहि, या खेळापुरते आपण खरे धरले आहेत, अशी प्रांजळ कबुली त्यांनीं आपल्या टिपणांत दिली आहे. इतकी सरळ प्रस्तावना लिहिणारे इतिहासकार विरळाच. मात्र ती कबुली छापील पुस्तकांत राहिली. पाटीवर खेळणारास तें पुस्तक मिळत नाहीं असें नव्हे. तें न उघडतां त्याचें कांहीं अडत नाहीं, येथेंच घोटाळा आहे.

याचा परिणाम आपल्या देशाच्या बाबतींत कसा होतो तें पाहूं. त्या पटावर भारत हा तीन अंकी स्थैर्याचा देश आहे. एका महासत्तेचे तेथें तीन प्रभावगुण झाले व दुसरीचा एकहि नसला, म्हणजे भारत पहिलीच्या ताब्यांत गेला. १९५५ मध्यें बांडुंग येथें जमलेलीं राष्ट्रें, १९६१ मध्यें बेलग्रेड येथें झालेली अलिप्त राष्ट्रांची परिषद, रशियाच्या साह्यानें भिलाईचा पोलादाचा कारखाना उभारीत असतां अमेरिकेचा गहूहि घेणारें आपलें धोरण, यांना तेथें स्वतःची चाल नाहीं; कारण तिसरा खेळाडूच नाहीं. भारत-पाकिस्तान युद्धाचा एक पत्ता आहे. तो कोणत्याहि महासत्तेनें खेळावा, कोणी कोणावर स्वारी करावयाची हें तिनेंच ठरवावें, आणि फांसा टाकावा. १९७१ सालीं सुमारें एक कोटि निर्वासित आपल्या सीमेंत आले, ऑगस्टांत रशियाशीं करार झाला, डिसेंबरांत अमेरिकेचें आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालें, आणि १६ डिसेंबर रोजीं ढाक्यास शरणागति झाली. यांपैकीं करार व आरमार त्या पटाच्या दृष्टीस पडण्याजोगे आहेत. एक कोटि निर्वासित आणि स्वतःच्या भाषेसाठीं व राज्यासाठीं उठलेले बंगाली लोक त्याच्या दृष्टिपथांत येऊंच शकत नाहींत. वॉशिंग्टन व मॉस्को येथून जग असेंच दिसत होतें, हें समजून खेळल्यास हा उत्तम धडा आहे. जग असेंच होतें, असें समजून खेळल्यास मात्र आपलाच मुलगा आपल्या देशाकडे परक्याच्या खिडकींतून पाहावयास शिकेल.

यावर कोणी म्हणेल, ग्रंथहि निवड करतो, चित्रपटहि करतो. मग या खेळावरच कटाक्ष कां? याचें कारण असें कीं, ग्रंथाचा सिद्धांत आपण ऐकतों, तर खेळाचा सिद्धांत आपण आचरतों. त्याप्रमाणें चाललें कीं जिंकतों, न चाललें कीं हरतों. आणि ज्या मतानें आपणांस दहा वेळां विजय मिळवून दिला, तें मत खोटें असेल हें मनास सहसा पटत नाहीं. शिवाय ग्रंथकाराशीं समासांत भांडतां येतें, पंचाशीं तोंडावर भांडतां येतें. यंत्र मात्र निर्णय देतें आणि कारण विचारावयास जागा ठेवीत नाहीं. राइस्विट्झचा नियम वाचतां येत होता, उगाकींचा पक्षपात दिसत होता. या तिसऱ्या पंचाचा निःपक्षपातीपणा खरा असला, तरी तो कोणाच्या मताप्रमाणें निःपक्षपाती आहे, एवढें तो सांगत नाहीं.

तेव्हां मुलांच्या हातून पाटी हिसकावून घ्यावी, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. डाव संपल्यावर नियमपुस्तक त्यांच्यापुढें उघडावें, आणि एक नियम काढून टाकला तर काय होईल, असें विचारावें. न लढणारास दंड नसता, तर कोणी किती सत्तापालट केले असते? दिल्लीस तिसरा खेळाडू बसविला, तर त्याच्या हातांत कोणते पत्ते द्यावे? कागदी पटावर हें घरच्या घरीं करून पाहतां येतें. पाटीवर तें निदान मनांत तरी करतां येईल. हे प्रश्न विचारूं लागलेला मुलगा डाव कदाचित् हरेल, परंतु इतिहासाच्या अभ्यासास तेथेंच आरंभ झाला असें आम्ही समजूं. ज्या पंचाचा निर्णय आपण मान लववून स्वीकारतों, तो पंच कोण, एवढें तरी आपणांस ठाऊक असावें.