बॉनेट कशाला उघडायचे?

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी ॲम्बॅसॅडर किंवा फियाट एखाद्या वळणावर गचके खाऊन बंद पडणे, ही तीस-चाळीस वर्षांपूर्वी नवलाची गोष्ट नव्हती. चालक खाली उतरे, बॉनेट उघडे आणि इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या लहानशा पंपावर ओले फडके गुंडाळी. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी पुन्हा चालू लागे. या पंपाला सगळे ‘एसी पंप’ म्हणत.

यामागचे विज्ञान आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजावे इतके सोपे आहे. पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाजवळ. म्हणजे पंपाला पेट्रोल ओढून आणावे लागे. ओढताना नळीतील दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक साध्या दाबालाही ४० अंश सेल्सियसच्या आसपास उकळू लागतात. खानदेशात उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४५ अंशांवर जाते. त्यात घाटात गाडीचा वेग कमी, इंजिनावर भार जास्त आणि वारा नाही. अशा वेळी नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा ती वाफ नुसती दाबतो आणि सोडतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. ओल्या फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन पंपाची उष्णता ओढून घेते. माठातील पाणी गार होते ते याच नियमाने. खानदेशातील उन्हाळी हवा कोरडी असल्याने हा उपाय येथे कोकणापेक्षा अधिक चांगला लागू पडे.

आज त्याच घाटात गाड्या सहसा अशा बंद पडत नाहीत. बहुतेक पेट्रोल मोटारींमध्ये विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. नळीतील दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट किंवा त्याहून अधिक असतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर जातो. ओल्या फडक्याची गरज संपली, आणि त्याबरोबर बॉनेट उघडण्याचे एक कारणही संपले.

अशी कारणे एकेक करून संपत गेली. आपल्या गाडीची देखभाल आपणच करण्याची हौस आज फारच थोड्यांना उरली आहे. ‘लोक आळशी झाले’ हे त्याचे सोपे उत्तर. परंतु इतिहास पाहिला तर ते पुरे पडत नाही.

हौसेमागची गरज

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८ पासून मोटारी जोडल्या जात. सुटे भाग परदेशातून येत आणि गाडी येथे उभी राही. स्वातंत्र्यानंतर हे धोरण बदलले. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनुसार, येथे भाग तयार करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना भारतातील काम आवरावे लागले. त्यानंतर मोटारींच्या बाजारात मुख्यतः १९४२ ची हिंदुस्तान मोटर्स आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उरल्या. एकीची ॲम्बॅसॅडर १९५७ पासून निघू लागली. दुसरीच्या फियाटचे नाव पुढे पद्मिनी झाले. नवी गाडी मिळण्यासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच एकदा मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षे टिकवावी लागे.

धुळे हे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या दोन मोठ्या रस्त्यांच्या फुलीवरचे शहर. तेथे किंवा जळगावला मिस्त्री मिळे. मधल्या तीस-चाळीस किलोमीटरांत मात्र डिकीतील पान्ह्यांच्या पिशवीवरच भिस्त. म्हणून मालकाला किंवा चालकाला तीन-चार कामे यावीच लागत. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट घासून त्यांतील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवणे, कार्बोरेटरच्या जेटमधील कचरा फुंकून काढणे, फॅनबेल्ट ताणणे आणि स्पार्क प्लग साफ करणे.

प्लग हा तर रंग दाखवणारा शिक्षकच होता. त्याचे टोक काजळीने काळे झाले तर मिश्रणात पेट्रोल जास्त. पांढरेफटक पडले तर पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापलेले. तपकिरी असेल तर ठीक. मेणबत्तीची काजळी धरणारी पिवळी ज्योत आणि बुन्सेन बर्नरची निळी ज्योत यांतील फरक ज्याला कळतो, त्याला प्लगही वाचता येतो. महत्त्वाचे म्हणजे केलेल्या श्रमाचे फळ लगेच मिळे. पेचकस अर्धा फेरा फिरवला की इंजिनाचा आवाज बदले. हात काम करी आणि कान उत्तर ऐके. हौस टिकते ती अशा तत्काळ उत्तरावर.

हवेचा प्रश्न

पण या सोप्या यंत्राची एक किंमत होती. ती गाडीच्या मालकाला नव्हे, तर रस्त्यावरच्या प्रत्येकाला मोजावी लागे. अमेरिकेत १९२१ साली टॉमस मिज्ली या अभियंत्याला असे आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले तर इंजिनातील ठोके थांबतात. पुढे जगभर शिसेयुक्त पेट्रोल वापरात आले. हे शिसे धुरातून हवेत, हवेतून शरीरात गेले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष घातक ठरते. त्याशिवाय अर्धवट जळालेले इंधन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे होतीच.

अमेरिकेने १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक केला आणि १९७५ पासून तेथील बहुतेक नव्या मोटारींत उत्प्रेरकी परिवर्तक आले. या परिवर्तकाला शिसे चालत नाही. त्याच्या थराने उत्प्रेरक निकामी होतो. पुढे आलेल्या, तिन्ही प्रदूषकांवर एकदम काम करणाऱ्या परिवर्तकाची आणखी एक अट आहे. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, हे प्रमाण फारसे हलता कामा नये. थंडी, ऊन, चढ, उतार, गर्दी अशा सर्व परिस्थितींत हे प्रमाण अचूक राखणे साध्या कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यासाठी धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक, त्याचे संकेत वाचणारा लहानसा संगणक आणि त्याच्या हुकमाप्रमाणे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर अशी साखळी तयार झाली. ती दर सेकंदाला अनेक वेळा मिश्रण तपासते आणि दुरुस्त करते. हे काम पेचकसाचे नव्हे.

भारतात एप्रिल १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल आणि नव्या मोटारींना परिवर्तक ही सक्ती फक्त चार महानगरांत आली. जळगाव-धुळ्याच्या गाड्यांना ती लागू नव्हती. म्हणून येथील मिस्त्रींचा कार्बोरेटर आणखी काही वर्षे निर्धास्त राहिला. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि नव्या गाड्यांना धुराची नवी मर्यादा आली. त्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये भारत स्टेज ४ आणि एप्रिल २०२० मध्ये, पाचवी पायरी गाळून, भारत स्टेज ६ हे नियम देशभर लागू झाले. दरम्यान पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास आणि ॲम्बॅसॅडरचे २०१४ मध्ये थांबले.

म्हणजे घरच्या देखभालीची जागा ज्या यंत्रणेने घेतली, तिनेच आपल्या मुलांच्या श्वासातील शिसे कमी केले. जुन्या गाड्यांच्या आठवणीने हळहळताना हा जमाखर्च विसरू नये.

माहितीला लागलेले कुलूप

तरीही सगळा दोष किंवा श्रेय तंत्रज्ञानाला देता येत नाही. भारतात २०१० पासून मोटारींमध्ये स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. सुकाणूचक्राखाली एक खाच असते. तेथे वाचक-यंत्र जोडले की दोषाचा संकेतांक दिसतो. तत्त्वतः यामुळे दुरुस्ती सोपी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांची तपासणीची साधने, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि अस्सल सुटे भाग अधिकृत केंद्रांपलीकडे सहज मिळत नव्हते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना याच कारणासाठी एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला. दंडाचा वाद पुढे न्यायालयांत गेला. पण दुरुस्तीची माहिती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्या निमित्ताने ऐरणीवर आला. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही होती. ट्रॅक्टर आणि पंपांवर जगणाऱ्या खानदेशाला हा प्रश्न मोटारीपेक्षाही जवळचा आहे.

तेव्हा हौस आटण्याची कारणे तीन. यंत्र फारसे बिघडेनासे झाले. हाताने केलेल्या कामाचे उत्तर कानाला मिळेनासे झाले. आणि जे उत्तर यंत्राला ठाऊक आहे ते मालकाला सांगितले जाईनासे झाले. पहिले कारण स्वागतार्ह आहे, दुसरे अटळ आहे. तिसरे मात्र माणसांनी निर्माण केलेले आहे, म्हणून ते बदलता येते.

वर्गासाठी काय उरले?

जुन्या देखभालीत जे खरोखर मोलाचे होते ते म्हणजे विचाराची शिस्त. गाडी सुरू होत नाही. मग पेट्रोल येते का? ठिणगी पडते का? हवा जाते का? एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एकच बदलायची. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो. संकेतांकाच्या जमान्यातही तिची गरज संपलेली नाही. ‘पी ०१७१’ हा संकेतांक सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. कारण मात्र सांगत नाही. हवेची नळी फाटली असेल, पंप मंदावला असेल किंवा संवेदकच मळला असेल. यंत्र लक्षण सांगते. निदान अजून माणसालाच करायचे असते.

भंगारातून आणलेला एक कार्बोरेटर वर्गात उघडून दाखवता येईल. अरुंद जागेतून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हे त्याहून चांगले कशात दिसेल? दोन तापमापक घेऊन एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळावे आणि मे महिन्यातील व ऑगस्टमधील फरक मुलांनी नोंदवावा.

आणि एक काम तर प्रत्येक गाडीमालकाचे आजही आहे: टायरमधील हवा. सकाळी ३५ अंशांना ३२ पौंड हवा असलेला टायर तापत्या रस्त्यावर धावून ६५ अंशांपर्यंत गेला, तर वायूच्या नियमाप्रमाणे दाब सुमारे साडेछत्तीस पौंड होतो. गणित करताना वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळवून मग निरपेक्ष तापमानाने गुणावे लागते. ही चूक मुले हमखास करतात. वाढलेला दाब पाहून पुष्कळ जण पंपावर हवा सोडून देतात. ते घातक आहे. टायर थंड झाला की हवा कमी पडते. कमी हवेचा टायर अधिक लवचतो, अधिक तापतो आणि महामार्गावर फुटू शकतो. म्हणून हवा टायर थंड असतानाच मोजावी. त्यासाठी बॉनेट उघडावे लागत नाही. दाबमापक आणि अकरावीचे भौतिकशास्त्र पुरते.