परतूरची परिषद आणि गावचा ठराव

माझ्या आजोबांच्या आयुष्यात दोन सभा होत्या. पहिली १९३७ सालची, परतूरची. तिच्याविषयी ते कुणालाही, कधीही, भरभरून सांगत. दुसरी १९७८ सालची, आमच्याच गावच्या पारावरची. तिचा विषय निघाला की ते पानाचा डबा पुढे ओढत आणि गप्प होत. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची कागदपत्रे वाचताना मला हळूहळू उमगले, की या दोन्ही सभांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. राज्य बहुमताचे झाले, म्हणजे माणूस मोकळा झाला का?

परतूर आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानात सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे. १९२९ च्या सुमारास निघालेले ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक त्यासाठी कुप्रसिद्ध होते. संस्थानी प्रजेच्या राजकीय परिषदाच मुळी संस्थानाबाहेर भरत: १९२३ ला काकीनाडा, १९२६ ला मुंबई, १९२८ ला पुणे, १९३१ ला अकोला. घरातले गाऱ्हाणे सांगायला शेजाऱ्याच्या अंगणात जावे, तसा हा प्रकार.

१९३७ च्या जूनमध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परिषदेचा सूर मवाळच होता. पण मराठी भाषक प्रजा संस्थानच्या हद्दीत, उघडपणे, एकत्र बसली, हेच मोठे होते. विशीतले माझे आजोबा तिथे सतरंज्या घालायला आणि पाणी वाटायला होते. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पहिल्या तुकडीत हेच मवाळ नानल होते.

या चळवळीच्या तोंडी दोन मागण्या होत्या: नागरी स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती. त्या इतक्या जोडीने उच्चारल्या जात, की दोन्ही एकच वाटत. प्रत्यक्षात त्या वेगळ्या आहेत. राज्य कोणी चालवावे, हे दुसरी सांगते. राज्य कोणीही चालवो, त्याने माणसाच्या कोणत्या गोष्टीला हात लावू नये, हे पहिली सांगते. जुलूम करणारा एक आणि सोसणारे अनेक, असे चित्र समोर असताना हा फरक दिसणे अवघड होते. अनेकांचे राज्य आले की जुलूम आपोआप संपेल, असे सगळ्यांना वाटले. आजोबांनाही वाटले.

निजामाच्या अमदानीचे शेवटचे वर्ष रझाकारांच्या अत्याचारांचे होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १५ तारखेला जालना ताब्यात आले, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी आपण त्या दिवशी झेंडा फडकवतो आणि ते योग्यच आहे. त्यानंतरच्या आठवड्यांविषयी मात्र आपण बोलत नाही. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचा हिशेब रझाकार नसलेल्या शेजाऱ्यांकडून वसूल झाला. तो करणाऱ्यांच्या हाती अजून मतपेटी आली नव्हती. आपण आता संख्येने वरचढ आहोत, एवढी जाणीव पुरली.

दुसरी सभा मी स्वतः पाहिली. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. लगेच मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. लोकमत विचारात घेतले नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. म्हणजे बहुमत दोन्हीकडे होते: एक सभागृहातले, एक रस्त्यावरचे. हद्द बदलली की बहुमत बदलते.

आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. पारावर बैठक झाली. बौद्धवाड्याला काम द्यायचे नाही, दुकानातून माल द्यायचा नाही, गिरणीवर दळण घ्यायचे नाही, असे ठरले. ‘मंजूर असेल त्यांनी हात वर करा,’ असे कुणीतरी म्हणाले. मी पाराच्या कडेला उभा राहून आजोबांकडे पाहत होतो. त्यांचाही हात वर गेला. सगळ्यांच्या नंतर, कोपरापर्यंतच, पण गेला.

या हत्याराची ओळख बाबासाहेबांना फार आधीपासून होती. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गावे बहिष्कार कसा वापरतात, हे त्या समितीने नोंदवले होते. म्हणूनच १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी तरतूद त्यांनी सुचवली. राज्यसत्तेपासून संरक्षण देणारे मूलभूत हक्क पुरेसे नाहीत, गावापासूनही संरक्षण हवे, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्राने तसा कायदा २०१६ मध्ये संमत केला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. मसुदा आणि कायदा यांच्यात जवळजवळ सत्तर वर्षे गेली. विद्यापीठाच्या नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

बहुमताला विरोध म्हणजे लोकशाहीला विरोध, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. रस्ता कुठून न्यावा, पाणीपट्टी किती असावी, हे हात वर करूनच ठरले पाहिजे. दुसरा न्याय्य मार्ग नाही. पण कुणाच्या चुलीवर भाकरी भाजली जावी की नाही, हा ठरावाचा विषयच नव्हे. तिथे शंभरांपैकी नव्याण्णव हातांनाही अधिकार नाही. परतूरला मागितलेले नागरी स्वातंत्र्य ते हेच. जबाबदार राज्यपद्धती आपल्याला मिळाली. हे दुसरे मागणे मिळाले, असे आपण धरून चाललो.

आजोबा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना पारावरच्या बैठकीविषयी सरळ विचारले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळा, परतूरला निजामाचं पोलीस होतं, गश्ती होती, तरी भ्या वाटलं नाही. पारावर समदी आपलीच माणसं होती. तिथं भ्यालो.”

त्यांच्या स्वातंत्र्यसैनिक म्हणून झालेल्या सत्काराचा फोटो आजही आमच्या ओसरीवर आहे. पारावरच्या ठरावाचा कागद कुठेच नाही. म्हणून तो इथे लिहून ठेवला.